साडेसहा आणि सात

परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेसाठी मी क्लासमध्ये निबंध तपासते. विषयाला धरून आहे का, परिच्छेद जुळतात का, शब्द आणि व्याकरण कसं आहे, एवढंच बघायचं. शुभांगी नर्स होती. तिकडच्या नोकरीसाठी तिला लेखनात नऊपैकी सात गुण हवे होते आणि दोनदा ती साडेसहावर अडकली होती.

सरावाचा विषय होता, म्हाताऱ्या आईवडिलांना कोणी सांभाळावं. मध्येच तिने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘मी जाणार म्हटल्यापासून आई माझ्यासमोर खोकत नाही.’ वाक्यात एकही चूक नव्हती. माझं पेन तिथेच घुटमळलं.

“मॅडम, हे खोडू का?”

“खोड. निबंधात मुद्दा हवा, घरचं नको.”

तिने खोडलं. मला मात्र त्या दिवसापासून कुठलाच निबंध धड तपासता येईना. प्रत्येक कागदावर वाटायचं, इथलंही काही मी खोडायला लावलंय.

पुढच्या परीक्षेत तिला सात मिळाले. ती पेढे घेऊन आली, पाया पडली.

न राहवून मी विचारलं, “आईजवळ कोण राहणार गं?”

ती खाली बघत म्हणाली, “मॅडम, तेवढं अजून ठरलं नाही.”