रानहंसांच्या थव्यात घरचे हंस

पक्षी बघायला गेलं की पक्षी दिसतातच असं नाही. किस्से मात्र न बोलावता येतात! नव्वद सालानंतर शहापूर-मुरबाडच्या तलावांवर आम्ही तिघं हिंडायचो. गणिताचे पाटकर सर, गुरांच्या डॉक्टर वैशालीताई आणि मी, बँकेतला क्लार्क. तिघांत दुर्बीण एक आणि भांडणही एकच: थव्यातला तो हंस रानटी, घरचा, की हायब्रिड?

*

तानसाच्या काठावर एक करडा हंस दिसला. "हिमालयापलीकडून आलाय!" सर कुजबुजले आणि चिखलातून सरपटत निघाले. रानहंस माणूस दिसला की उडतो. हा मान लांबवून सरांवरच धावून आला आणि त्यांची पँट धरून बसला!

मागून ताई ओरडल्या, "सर, हिमालयाचा नाही, फार्महाउसचा वॉचमन आहे तो!"

*

टोकावड्याच्या एसटीत ताई मला घरच्या हंसाची ओळख शिकवत होत्या, तीही खणखणीत आवाजात. "मागून बघायचं! बूड जड, पोट लोंबतंय, चाल डुलत डुलत... समजायचं, घरी खाऊन माजलेला!"

पुढच्या सीटवरचे जाडजूड गृहस्थ हळूच वळले. "बाई, आमी काय केलं वो तुमचं?"

*

धसईजवळच्या तळ्यावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले रानहंस उतरले होते. त्यांतल्या एकाला पट्टा एकच, तोही अर्धा. बांधावरच्या म्हाताऱ्याला सरांनी समजावलं, "बाबा, याचा बाप रानटी आणि आई पाळलेली."

म्हातारा विचारात पडला. "मंग लगीन कुनाच्या दारात लागलं?"

*

आणि टोकावड्याच्या जनाबाई. घरात एकट्या. सोबतीला एकच हंस, राजा. पिल्लू असल्यापासून वाढवलेला. हिवाळ्यात तळ्यावर रानहंस आले की तोही त्यांच्यात जाऊन बसायचा. एका वर्षी थंडी सरली, थव्याची निघायची चुळबुळ सुरू झाली, तशा जनाबाई घाबरल्या. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं.

"ह्यो जाईल का वो त्यांच्यासंगं? नायतर पंख बांदून ठेवते."

सरांनी मानेचा रंग पाहिला. "हायब्रिड आहे. उडेल. बांधा."

ताईंनी त्याला उचलून पाहिलं. "पक्का घरचा. एवढा जड कुठे उडतोय? राहू द्या मोकळा."

जनाबाईंनी डॉक्टरांचं ऐकलं.

थवा उठला त्या सकाळी आम्ही तिथेच होतो. राजा बांधावरून धावत सुटला. आपटला. पुन्हा धावला. आणि उडाला! आंब्याच्या शेंड्यावरून, थव्याच्या मागे, सरळ!

सर दोन्ही हात वर करून नाचायलाच लागले. "हायब्रिड! मी म्हणालो होतो! हायब्रिड!"

ताईंना मान वर करवेना. जनाबाई मात्र थव्याचा ठिपका होईपर्यंत आभाळाकडे बघत राहिल्या. मग सरांकडे वळल्या.

"सर, तुमी जिकला. आता त्याला खाली बोलवा."