नानांच्या दहाव्याला मी उडवलेला ड्रोन

माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही आणि त्याचं कारण हातात रिमोट घेऊन सगळ्यांसमोर उभं होतं.

सासरे म्हणजे नाना. राहायला हैदराबादला चिक्कडपल्लीत, सगळी नोकरी कोर्टाच्या रेकॉर्ड खोलीत. कुठली फाइल कुठल्या कपाटात, कितव्या खणात, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येत असे. मी पुण्याचा, आयटीतला. इथे बारा वर्षं झाली, पण अजून दिलसुखनगरला जायचं तर फोनला रस्ता विचारतो. नाना यावर कधी काही बोलले नाहीत. नुसते बघायचे. (बोलले असते तर परवडलं असतं.)

नाना गेले तेव्हा माझ्या सासूबाई, म्हणजे माई, खुब्याचं हाड मोडून पलंगावर होत्या. शेवटच्या दर्शनासाठी नानांना माईंच्या खोलीत न्यायचं ठरलं, पण दारातून स्ट्रेचर वळेना. मग अर्धं आत घातलं आणि तसंच बाहेर काढलं. त्यामुळे पंचेचाळीस वर्षांच्या संसाराच्या शेवटी माईंना नवऱ्याचे फक्त पाय दिसले. त्या रडल्याही नाहीत. नवव्या दिवशी मात्र आम्हाला सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, "उद्याचं मला सगळं दिसलं पाहिजे. नुसते पाय नकोत."

"व्हिडिओ कॉल लावतो ना माई," अविनाश म्हणाला. अविनाश माझा मेव्हणा, सगळे विधी तोच करत होता.

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

"फोनवर लोकांच्या पाठी दिसतील," मी म्हणालो. "माझ्याकडे ड्रोन आहे. वरून सगळा घाट दाखवतो."

माझी बायको मेधा माझ्याकडे बघत राहिली. हुबेहूब नानांसारखी.

ड्रोन घेऊन मला तीन आठवडे झाले होते आणि मी तो चार वेळा उडवला होता. त्यातली अडचण मला चांगली माहीत होती. ड्रोनचं तोंड आपल्यापासून पलीकडे असलं की सगळं सरळ असतं. डावीकडे दाबलं की डावीकडे जातो. पण तो वळून आपल्याकडे तोंड करून उभा राहिला की सगळं उलटं. डावीकडे दाबलं की उजवीकडे जातो आणि मागे ओढला तर लांब जातो. दूर गेला की मग तर पुढचं कोणतं, मागचं कोणतं, हेही कळत नाही. आकाशात एक ठिपका तेवढा दिसतो. शिकवणारे सांगतात, घाबरलात की हात सोडून द्या, तो जागच्या जागी थांबतो. मी घाबरलो की हात आवळतो. पण हे माईंना कुठे सांगणार?

सकाळी मुसी नदीच्या काठी घाटावर पोचलो. पलीकडे अंबरपेठेच्या बाजूची घरं दिसत होती. मला उडवायला सपाट जागा हवी होती आणि तिथे एक छान दगडी ओटा होता. त्यावरून ड्रोन उडवला. रिमोटला लावलेल्या फोनवर घाट दिसू लागला, आणि तेच चित्र व्हिडिओ कॉलवरून घरी माईंच्या हातात. मेधा त्यांच्याजवळ बसली होती.

"दिसतंय का माई?"

"दिसतंय. अविनाशच्या डोक्यावरचे केस नीट काढलेत. गुरुजी कोण, आपले नेहमीचेच ना?"

"हौ माई, तेच," अविनाश खालून म्हणाला.

पहिली दहा मिनिटं इतकी छान गेली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग गुरुजींनी पिंड उचलून त्या ओट्यावर नेऊन ठेवले. सगळे मागे सरकले. लिंबाच्या झाडावर पंधरा-वीस कावळे तयारीत बसलेले होते. दोन खाली उतरले आणि पिंडाकडे उड्या मारत निघाले.

"जवळून दाखवा," माई म्हणाल्या.

मी ड्रोन खाली आणला. त्याच्या आवाजाने दोन्ही कावळे उडाले आणि त्यांच्या मागे अख्खं झाड रिकामं झालं.

"भाऊजी, मागे घ्या ते," अविनाश दबक्या आवाजात म्हणाला.

मी मागे ओढलं. पण ड्रोनचं तोंड माझ्याकडे होतं. मागे म्हणजे माझ्यापासून लांब, आणि लांब म्हणजे सरळ पिंडांवर. पंख्यांच्या वाऱ्याने पत्रावळी उडाल्या, दर्भ उडाले, गुरुजींचं उपरणं त्यांच्या तोंडावर आलं. मी घाईघाईने डावीकडे दाबलं. तो उजवीकडे, नानांचे धाकटे भाऊ वसंतकाका उभे होते तिकडे गेला. काका वाकले. वयाच्या बहात्तराव्या वर्षी माणूस इतक्या चटकन वाकू शकतो हे मला माहीत नव्हतं. मग मी सगळंच जोरात दाबलं आणि ड्रोन वर जाऊन नदीच्या मध्यावर पोचला.

तिथे तो ठिपका झाला. फोनवर बघितलं तर नुसती जलपर्णी, इकडेही हिरवी आणि तिकडेही हिरवी. मी त्याला जागच्या जागी गोल फिरवायला लागलो, कुठेतरी आपली माणसं दिसतील म्हणून.

दिसली. सगळा घाट एका चित्रात आला. लांबच लांब रिकाम्या पायऱ्या आणि त्यांच्या एका कोपऱ्यात मूठभर माणसं.

"थांबा," माई म्हणाल्या. "हे असंच राहू द्या."

योगायोगाने मी हात सोडले होते, म्हणून ते तसंच राहिलं.

"मेधा, मोज गं. चष्मा नाही माझा."

"राहू दे ना, माई."

"मोज म्हणते ना."

"अकरा, माई. गुरुजींना धरून."

माई म्हणाल्या, "अविनाशने सकाळी फोन केला होता. घाट भरलाय म्हणाला. कोर्टातले सगळे आलेत म्हणाला."

अविनाशने मान खाली घातली. कोर्टातून एकच गृहस्थ आले होते, तेही नानांच्या आधीच निवृत्त झालेले. चाळीस वर्षं ज्यांच्या फाइली नानांनी शोधून दिल्या, त्यातलं बाकी कुणी नव्हतं. आम्ही सगळे फोनकडे बघत राहिलो आणि त्या फोनमध्ये आम्हीच अकरा ठिपके उभे होतो.

मला ते चित्र तिथून हलवायचं होतं. रिमोटवर एक बटण असतं. ते दाबलं की ड्रोन आपला आपण परत येतो. मी ते दाबलं. आणि तो आला, अगदी शहाण्यासारखा. तो परत कुठे येतो, तर जिथून उडाला तिथे. मी तो उडवला होता ओट्यावरून.

तो सावकाश खाली आला आणि मधल्या पिंडावर बसला.

फोनवर पांढरं दिसायला लागलं.

"हे काय आता?" माईंनी विचारलं.

"भात आहे, माई."

गुरुजींनी उपरणं नीट केलं. वसंतकाकांनी त्यांना हळूच विचारलं, "हे शिवलं असं धरतात का?"

"पन्नास वर्षं करतोय हे काम," गुरुजी म्हणाले. "शास्त्रात याची सोय नाही."

पिंड पुन्हा केले, पुन्हा मांडले. मी ड्रोन पिशवीत घातला आणि आम्ही कावळ्याची वाट बघत बसलो. घाटाची देखभाल करणारा यादगिरी म्हणून एक माणूस होता. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "सार, कव्वे डर गए. अब दोपहर तक नै आते." त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

तरी प्रयत्न झाले. अविनाश हात जोडून म्हणाला, "नाना, माईंची फिकीर नका करू, मी आहे." काही नाही. वसंतकाका पुढे झाले. "दादा, तुमचा रेडिओ मी नेला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. आणून ठेवतो." काही नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओट्यापाशी गेलो आणि म्हणालो, "नाना, चुकलो. पुन्हा कधी उडवणार नाही." लांब विजेच्या तारेवर एकच कावळा बसला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि तोंड पलीकडे केलं.

शेवटी ऊन डोक्यावर आलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

घरी पोचलो तर मेधा दारातच म्हणाली, "माईंनी तुला आत बोलावलंय. एकट्याला."

मी आत गेलो. पलंगाजवळच्या खुर्चीवर बसलो आणि फरशीकडे बघत राहिलो. काय काय बोलतील याची मनात उजळणी चालू होती. नवऱ्याचे शेवटी नुसते पाय दिसलेली बाई, आणि आता हे.

"प्रशांतराव," माई म्हणाल्या, "मी पडल्यापासून या घरात माझ्याशी कुणी खरं बोललेलं नाही. खुबा महिन्यात बरा होईल म्हणतात. यांना जाताना काही त्रास झाला नाही म्हणतात. घाट भरलाय म्हणतात. मलाही कळतं, पण विचारलं की सगळे हसून दाखवतात." त्यांनी डोळे पुसले. दहा दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना बघत होतो. "अकरा माणसं आली. ठीक आहे. अकरा तर अकरा. निदान मला कळलं. एवढ्या लोकांत खरं दाखवलंत ते तुम्ही एकट्याने."

माझी मान नकळत वर आली. बारा वर्षांत या घराकडून मला मिळालेली ती पहिली शाबासकी होती. मी खुर्चीत जरा नीट बसलो आणि म्हणालो, "माई, मला वाटलंच होतं की तुम्हाला..."

"तेही चुकून," माई म्हणाल्या आणि कुशीवर वळता येत नाही म्हणून नुसतं तोंड भिंतीकडे केलं.