तिबुर्सियाचा उसना बेडका

आमच्या इलोइलोच्या किनाऱ्यावर कुणी वारलं की पहिला निरोप तिबुर्सियाला जातो, दुसरा पाद्रीबाबांना. पाद्रीबाबा अर्ध्या तासात उरकतात. पुढची नऊ दिवसांची प्रार्थना मात्र तिबुर्सिया चालवते. गेली तीस वर्षं ती मेणबत्त्यांच्या धुरात बसून जपमाळ ओढते आहे. तिच्या वेगाने संतांची नावं घेणारं दुसरं कुणी नाही, आणि नंतर पानातला चिकट भात तिच्या वेगाने संपवणारंही नाही. गेलेल्याबद्दल जे चांगलं असेल ते ती तिथे मोठ्याने सांगते. उरलेलं माझ्याकडे येऊन.

गेल्या वर्षी तिला खोकला लागला. कोरडा, चिवट, आणि बरोबर प्रार्थनेच्या मध्यावर उठणारा. इस्त्री करून गरम झालेल्या हातांवर गार पाणी घेतलं त्याचं हे फळ, असं तिचं म्हणणं. आमच्याकडे निम्मे आजार त्यानेच होतात, म्हणून कुणी वाद घातला नाही. पण विलारेतेंचे म्हातारे गेले आणि त्यांची परदेशात नर्स असलेली लेक आली. तिने सांगून टाकलं, टीबी नसल्याचा कागद आणा, तरच आमच्या घरात बसा. नाहीतर आम्ही कोन्सोर्सियाला बोलावू. गावातलं सर्वांत मोठं घर, आणि तिथे कोन्सोर्सिया! तिबुर्सियाच्या मते त्या बाईची प्रार्थना ऐकून मेलेला कंटाळून उठून बसेल. शिवाय एकदा मोठ्या घराने पाठ फिरवली की लहान घरं कशाला बोलावतील? आणि दुसरा धंदा तिला येत नव्हता.

ती तडक आरोग्य केंद्रात गेली. तिथल्या सिस्टर मिलाग्रितोसने तिला थुंकीची डबी दिली आणि सकाळी आतला बेडका काढून आणायला सांगितलं. शिवाय तिथे एक नवं यंत्र पारखून पाहणं चालू होतं, त्यासाठी बोटाला टोचून रक्ताचे दोन थेंब घेतले. सिस्टरने समजावलं, की टीबीचे जंतू शिरले की रक्तातल्या पेशी लढाईच्या हुकुमांच्या चिठ्ठ्या लिहायला लागतात. त्या चिठ्ठ्यांना आरएनए म्हणतात. यंत्र त्या वाचतं, बेडका नसला तरी चालतो.

"म्हणजे रक्त चहाड्या करतं," तिबुर्सिया म्हणाली. तिला ते यंत्र आवडलं. पण ते अजून परीक्षेला बसलेलं. कागद मिळणार तो बेडक्यावरच.

सकाळी तिने खाकरून खाकरून डोळे लाल केले. डबीत थेंबभर लाळ. आणि कुंपणापलीकडे आमचे एलेउतेरिओ, माडी काढणारे, सगळ्यांचे नोंग म्हणजे दादा, रोजच्यासारखे असे खाकरत होते की कोंबड्या पांगाव्यात. साठीतही दिवसाला वीस माड चढणारा माणूस, त्याच्याइतकं निरोगी कोण? तिने डबी कुंपणावरून पुढे केली. त्यांनी कारणसुद्धा विचारलं नाही. भरून दिली आणि वर म्हणाले, "पुरेल ना गं? लागली तर आणखी देतो."

दुपारी सिस्टरने तिला आत बोलावून दार लावलं. बेडक्यात टीबीचे जंतू सापडले होते. रक्तात मात्र एकही चिठ्ठी नव्हती. सिस्टर बिचारी यंत्रावरच वैतागलेली. यंत्र चुकलं अशी नोंद करते म्हणाली, आणि औषधं उद्यापासून.

आधी तिबुर्सियाला विलारेतेंचा दिवाणखाना दिसला आणि त्यात मधोमध कोन्सोर्सिया. मग म्हणे एलेउतेरिओ दिसले, नातीला मांडीवर घेऊन तिच्या तोंडावर गाणं म्हणणारे. गप्प राहिली तर गोळ्या ती गिळणार आणि मरणार ते. बोलली तर देवाच्या दारची बाई लबाडी करते हे संध्याकाळपर्यंत गावभर. (संध्याकाळ कसली, मला तासाभरात कळलं.)

"सिस्टर, यंत्राला बोल लावू नका," ती म्हणाली. "तो बेडका माझा नाही."

"मग कुणाचा?"

"ते आत्ता माडावर आहेत. खाली उतरवायला लागेल."

उतरवलं. त्यांच्या रक्तात चिठ्ठ्यांचा ढीग निघाला, आणि त्यांच्या स्वतःच्या बेडक्यानेही तेच सांगितलं. नातीलाही तपासायला नेलं. एलेउतेरिओ भडकले, पण आजारावर नाही. एवढं भरून दिलं आणि ही साधे आभार न मानता नाव सांगून मोकळी झाली, हे त्यांना लागलं.

तिबुर्सियाचा एक्सरे साफ निघाला. खोकला मेणबत्त्यांच्या धुराचा. पण कागद हातात पडला तेव्हा विलारेतेंकडे पाचवा दिवस होता. तिथल्या लेकीने कागद दोनदा वाचला, लबाडीबद्दल चार शब्द सुनावले आणि कोन्सोर्सियाला कॉफी देऊन वाटेला लावलं. चार दिवसांत घरातली दोन माणसं प्रार्थनेत घोरली होती म्हणतात.

सिस्टरने तिबुर्सियालाही मोकळं सोडलं नाही. सहा महिने रोज एलेउतेरिओंना डोळ्यांसमोर गोळ्या गिळायला लावायच्या, हे तिच्या गळ्यात घातलं. पहिल्याच सकाळी ते कुंपणाशी गोळ्या मुठीत धरून टंगळमंगळ करायला लागले. म्हणाले, आधी माझ्यासाठी एक प्रार्थना म्हण, मग गिळतो.

"नोंग, माझी प्रार्थना नऊ दिवस चालते आणि ती कधी सुरू होते ते तुम्हाला ठाऊक आहे," तिबुर्सिया पाण्याचा पेला पुढे करत म्हणाली. "गिळा. आता जीभ वर करून दाखवा."

त्यांनी दाखवली.