पारसशेठ उलटे पळाले

जळगावच्या दाणाबाजारामागं दोर-बारदानाच्या दुकानांची एक गल्ली आहे. तिथं एक चांगला खात्यापित्या घरचा माणूस रोज उलटा चालतो. वेडा नाही, दोर मापतो. दोराचं एक टोक दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या हातात, दुसरं याच्या. गिऱ्हाइकाकडे तोंड करून, गोड हसत, सायकली, गाई आणि भाजीच्या हातगाड्या पाठीनंच चुकवत हा मागे मागे सरकत जातो. “बाजू द्या, दोर येतोय!” एवढं मात्र ओरडत राहतो. पानटपरीच्या खांबाशी पोचला की शंभर फूट. त्या क्षणी पायरीवरून म्हातारा गरजतो, “पुरा!” आणि याचे पाय जागच्या जागी थांबतात.

हा उलटा चालणारा म्हणजे पारस. वय पन्नास. गल्लीत तोंडावर पारसशेठ, पाठीमागं अर्धा शेठ. पायरीवरचे म्हातारे म्हणजे त्याचे वडील, लखीचंदजी. वय ऐंशीच्या पुढं, डोळे घारीचे, कान मात्र स्वतःच्या मर्जीचे.

अर्धा शेठ हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. पारसनं सी.ए. धरलं, अर्ध्यावर सोडलं. पेटी शिकायला घेतली, ती आता खाटेखाली धूळ वाजवते. आणि बाविसाव्या वर्षीची ती अठाई! जैनांचा मोठा उपास, आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहायचं होतं. भुसावळचे मामा नारळ घेऊन आले, वरघोड्याच्या मिरवणुकीला बँड ठरला, आणि पाचव्या दिवशी दुपारी बारदानाच्या थप्पीमागून कुरूम-कुरूम आवाज यायला लागला. उंदीर समजून हमालानं काठी आणली. थप्पीमागं पारस होता, मांडीवर शेव-मुरमुरे. मामांनी नारळ परत नेले. गोष्ट मात्र इथंच राहिली.

लखीचंदजी गिऱ्हाइकाला सांगायचे, “माझ्या पोराच्या हातून एकच गोष्ट पुरी होते, दोर. तीही मी ओरडतो म्हणून.”

गिऱ्हाईक हसायचं. पारसही हसायचा. पण घरी जाताना हे वाक्य चपलेतल्या खड्यासारखं त्याच्याबरोबर चालायचं. एकदा, फक्त एकदा, काहीतरी शेवटाला न्यायचं, तेही कुणी न ओरडता, एवढीच त्याची इच्छा होती. पण इच्छासुद्धा अर्धवटच होती. काय न्यायचं शेवटाला, ते सापडत नव्हतं.

मग साखर वाढली. डॉक्टर म्हणाले, “चाला.”

“रोजच चालतो,” पारस म्हणाला.

“सरळ चाला,” डॉक्टर म्हणाले. ते गल्लीतलंच गिऱ्हाईक होतं.

तेव्हापासून पारस पहाटे मेहरूण तलावावर जायला लागला. तिथं नवीन नावाच्या एका सरांची टोळी पळायची. सर मूळचे धुळ्याचे, शाळेत पी.टी. शिकवायचे आणि बाहेरच्या जगालाही शाळाच समजायचे. त्यांच्या शिट्टीच्या धाकानं पारस चालता चालता पळायला लागला. दहा किलोमीटरची एक शर्यत पुरी केली, पण गल्लीनं ती धरली नाही. “दहा किलोमीटर काय, रिक्षाही जाते.” मग अर्ध्या मॅरेथॉनला नाव दिलं आणि बाराव्या किलोमीटरला लिंबूसरबताच्या टेबलापाशी जो बसला तो उठलाच नाही. अर्धी मॅरेथॉन, तीही अर्धी! गल्लीचे दोन महिने मजेत गेले.

अशात एका सकाळी सर मोबाइलमध्ये कुणाकुणाची नावं भरत होते. मान वर न करता म्हणाले, “पारसशेठ, तुमचे पन्नास ना?”

पारसला वाटलं, वय विचारतायत. “पन्नास पूर्ण! दिवाळीला एक्कावन्न.”

सरांनी मान वर केली. “एक्कावन्न नाहीये शेठ. पन्नासच आहे.”

किती चांगला माणूस, पारसला वाटलं. वर्ष कमी करून सांगतो.

उलगडा रात्री जेवताना झाला. पारसचा मोबाइल वाजला आणि मुलीनं, रिद्धीनं, तो उचलून मोठ्यानं वाचलं, “अभिनंदन! पिंपळनेर घाट अल्ट्रा मॅरेथॉन, पन्नास किलोमीटर, आपला सहभाग निश्चित!” पारसच्या घशात फुलका अडकला. त्याची बायको कुंदन पाणी द्यायचं सोडून हसत सुटली. “अहो, बारावर बसलात, आता पन्नास?” चूक झाली, उद्याच नाव काढतो, असं पारस सांगणार, तेवढ्यात लखीचंदजींनी कानामागं हात धरला.

“कांई? उल्टो?”

“अल्ट्रा, दादाजी, अल्ट्रा! मॅरेथॉनपेक्षाही लांब!”

“तेच म्हणतो. उल्टो. पन्नास किलोमीटर उल्टो.” म्हाताऱ्यानं ताटावरून नजर उचलली आणि मुलाला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं, नवा माल बघावा तसं. “उलटं असेल तर जमेल याला. हात बसलाय. पाय बसलाय.”

पारसला वडिलांकडून मिळालेलं हे पहिलं कौतुक होतं. तेही कानाच्या चुकीनं. पण पहिलं कौतुक परत कोण करतं? नाव राहिलं.

बातमी सकाळी पायरीवर पोचली आणि पायरीवरची बातमी दोरासारखीच असते, कुणीतरी दुसरं टोक धरून चालायलाच लागतो. ते टोक तोतारामनं धरलं. तोताराम सावद्याकडचा केळीवाला, घडाच्या ओझ्यानं वाकलेल्या केळी बांधायला दोर न्यायला यायचा. आठवड्यात त्यानं जिल्ह्याचा सगळा पूर्व भाग जागा केला.

“काय हो पारसभाऊ, उलटं पयनार म्हने तुमी?”

“उलटं नाही हो. अल्ट्रा.”

“हा तेच. आमी गाडी करून येनार पाह्याले.”

“अहो, सरळच पळायचंय!”

“मंग त्याच्यात काय पाह्यचं?” तोताराम हिरमुसला. “सरय तर आमच्या शेतात रानडुकरं बी पयता.”

पारसनं तोतारामला समजावणं सोडलं आणि सरावाला लागला. वर्ष गेलं. एका रविवारी तर तो पळत पळत भुसावळपर्यंत गेला आणि मामांच्या दारात घामानं निथळत उभा राहिला. मामा म्हणाले, “गाडी बंद पडली का रे?” आणि आत जाऊन शेव-मुरमुरे घेऊन आले. पारसनं खाल्ले नाहीत. फक्त पाणी प्यायला आणि परत निघाला. स्टेशनवर जाऊन गाडीनंच आला म्हणा, पण निघाला.

जानेवारीत सगळं घर पिंपळनेरला पोचलं. शर्यत अशी होती की गावातल्या शाळेच्या मैदानातून निघायचं, रस्त्यानं पुढं जाऊन घाट चढायचा, माथ्यावरच्या पाड्याला वळसा घालून त्याच वाटेनं परत यायचं. दुपारी दोनच्या आत मैदानात, नाहीतर शर्यत बाद. दमलेल्यांना गोळा करायला सगळ्यांच्या मागून एक पिकअप हळूहळू येत राहणार. तिला सगळे झाडूगाडी म्हणत.

“झाडूगाडीत बसू नका म्हणजे झालं,” कुंदन त्याच्या पिशवीत खाकरे भरत म्हणाली. “बाकी कितीही उशीर करा. तुम्हाला सवय आहे, मलाही आहे.”

अंधारातच शिट्टी झाली. पहिले काही तास पारस असा पळाला की त्याला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं, आणि पळणाऱ्याला स्वतःचं कौतुक वाटलं की समजावं, पुढं काहीतरी वाढून ठेवलंय. चढ त्यानं सावकाश, देवदर्शनाला निघाल्यासारखा चढला. माथ्यावर खाण्यापिण्याचं टेबल होतं. त्यावर काय, तर मीठ लावलेले उकडलेले बटाटे. पोरं तुटून पडली होती. पारसनं पिढ्यानपिढ्या न खाल्लेल्या त्या कंदमुळाकडे एकदा बघितलं, नमस्कार केल्यासारखं केलं आणि पिशवी उघडली. आत खाकरे नव्हते. खाकऱ्यांचं पीठ होतं. ते तळहातावर घेऊन त्यानं तोंडात टाकलं आणि तोंड सिमेंटच्या गोणीसारखं झालं. टेबलावरची बाई तांब्या देत म्हणाली, “सबूर, दादा. आधी पानी प्या.”

आणि मग उतार लागला.

चढ दम घेतो, उतार मांड्या घेतो, हे नवीन सरांनी सांगितलं होतं, पण ते शिट्टी वाजवत सांगितलं होतं, म्हणून कुणी ऐकलं नव्हतं. पारसच्या मांड्यांत प्रत्येक पावलाला कुणीतरी सुतळीचा दाभण घालून ओढत होतं. पाच पावलं पळाला, दहा चालला, मग एका मैलाच्या दगडावर बसला. पोरं गेली, बाया गेल्या, साठी उलटलेले एक आजोबाही “चला चला” करून गेले. मागून झाडूगाडी आली.

गाडीवाला चुडामण, पिंपळनेरचाच. त्यानं गाडी अगदी पाळण्यासारखी अलगद लावली, दार उघडलं.

“काय व्हयनं शेठ? बसी ल्या गाडीमा.”

“नको भाऊ.”

“मऊ गादी शे. चिवडा बी शे.”

पारसनं डोळे मिटले. चिवडा म्हणाला, म्हणजे मुरमुरे असणार. थप्पीमागचा तो पारस आतून कुरूम-कुरूम करायला लागला.

“आठे कोनीच देखत नही, शेठ,” चुडामण समजुतीनं म्हणाला आणि चिवड्याची पुडी हातात घेऊन खाली उतरला.

तेच तर होतं. कुणीच बघत नव्हतं. बसला असता तर कुणी नावही ठेवलं नसतं. अर्धा शेठ अर्ध्यावरून आला, त्यात नवल काय? पारस दगडावरून कसाबसा उठला. चुडामण पुडी पुढं करत एक पाऊल पुढं आला. पारस त्याच्याकडे तोंड ठेवून, हात जोडून, एक पाऊल मागे सरकला. “नको भाऊ.” चुडामण अजून एक पाऊल पुढं. पारस अजून एक मागे. “खरंच नको.” घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला टाळावं तसा तो मागे मागे जात राहिला, आणि सात-आठ पावलांनी त्याच्या लक्षात आलं की आपण उतार उतरतोय.

आणि मांड्या दुखत नाहीयेत.

तो थांबला. एक पाऊल सरळ टाकून बघितलं. दाभण! पुन्हा उलटं टाकलं. काही नाही. नुसती गल्ली, नुसता दोर.

“चुडामणभाऊ,” पारस म्हणाला, “जरा तिथंच उभे राहा.” जणू दोराचं टोक त्याच्या हातात दिलं. आणि निघाला.

त्या घाटानं बरंच काही पाहिलं असेल, पण हे पाहिलं नसेल. पन्नाशीचा एक गोरागोमटा शेठ पाठ पुढं करून वळणांमागून वळणं उतरतोय, आणि त्याच्यामागं, म्हणजे तोंडासमोर, पिकअपवाला गाडीत बसून चिवडा खात हळूहळू येतोय. खांद्यावरून एक नजर टाकली की पारसला पुढचा तुकडा कळायचा. बाकीचं पाठीला कळायचं. समोरून बकऱ्या आल्या, म्हणजे मागून आल्या, तर तोंडातून आपोआप निघालं, “बाजू द्या, दोर येतोय!” बकऱ्यांनी बाजू दिली. चालण्याचं धावणं कधी झालं ते त्यालाही कळलं नाही. साठीचे ते आजोबा पाराशी दम खात होते. त्यांना पारसनं उलटं ओलांडलं आणि तोंड त्यांच्याकडेच असल्यामुळे “चला चला” म्हणायची सोयही झाली.

इकडे मैदानात तोताराम जीपभर माणसं आणि केळीचे दोन घड घेऊन सकाळपासून वैतागला होता. एकेक जण येत होता तो सरळच. “फसवलं राव आपल्याले,” तो लखीचंदजींना म्हणाला. शेवटच्या रेघेच्या बऱ्याच पलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीत म्हातारे काठी धरून बसले होते. दोन वाजत आले होते. कुंदन दर मिनिटाला रस्त्यापर्यंत जाऊन येत होती.

मग फाटकात एक पाठ दिसली.

“आला!” तोताराम खुर्चीवर चढला. “उलटाच आला! म्या म्हतलं नव्हतं?”

“पप्पा, वळा! आता तरी वळा!” रिद्धी ओरडली.

पारसलाही वळायचं होतं. शेवट तरी सरळ करावा. त्यानं अंग फिरवलं आणि दोन्ही मांड्यांत एकदम गाठ बसली. “नका हो वळू!” कुंदन किंचाळली. “आहेत तसेच या!” तो आहे तसाच आला. लोक ओरडत होते, शिट्ट्या वाजत होत्या, कुणी त्याच्या गळ्यात काहीतरी अडकवलं, त्याला वाटलं टॉवेल असेल. मागे काय आहे ते दिसत नव्हतं, थांबायचं कुठं ते ठाऊक नव्हतं, म्हणून तो थांबलाच नाही. रेघ गेली, मांडव गेला, डाळीचं पातेलं हातभर अंतरानं वाचलं, आणि पारस मागे मागे जातच राहिला.

“पुरा!”

पाय जागच्या जागी थांबले.

पाठीला काठीची मूठ टेकली होती. पारसनं समोर पाहिलं. शेवटची रेघ त्याच्यापुढं, चांगली लांब पडली होती. गळ्यात टॉवेल नव्हता, पदक होतं.

“कधी झालं?” त्यानं विचारलं.

“मघाशीच,” लखीचंदजी म्हणाले. “मी बघत होतो, न सांगता थांबतोस का. नाही थांबलास.” मग काठी खाली घेत, हळू, “बरं झालं.”

पारसला त्यांनीच आपल्या खुर्चीत बसवलं. कुंदननं केळं सोलून दिलं आणि डोळे पुसता पुसता “खाकरे कुठायत?” हेही विचारून घेतलं.

तोतारामला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. “पन नाना, बाकीचे सगये सरय काहून पयले?”

लखीचंदजींच्या डोळ्यांत चमक आली. म्हणजे गल्लीत गिऱ्हाईक माप कमी भरलं म्हणतं, तेव्हा येते ती. काठी टेकत ते थेट टोळी घेऊन आलेल्या नवीन सरांसमोर जाऊन उभे राहिले.

“मास्तर, शर्यत उल्टो होती ना?”

“अल्ट्रा होती, काका.”

“तेच म्हणतो. मग उल्टो पळाला किती जण?”

“एकच... तुमचे पारसशेठ.”

“मग पहिला नंबर कुणाचा?”

सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. त्यांनी खुर्चीकडे बघून आर्जवानं म्हटलं, “शेठ, तुम्हीच सांगा ना यांना, कसली शर्यत होती!”

वर्षभर पारसनं गल्लीला, सावद्याला, मामांना एकच शब्द समजावला होता. त्यानं तोंडातलं केळं गिळलं, वडिलांकडे पाहिलं.

“उल्टो,” तो म्हणाला. “पन्नास पूर्ण.”