उशिराचं कारण

आमचे हे एकतीस वर्षं बस डेपोत टाइमकीपर होते. गाडी कधी सुटली, कधी पोचली, सगळं रजिस्टरात. शेवटचा रकाना 'उशिराचं कारण'. तो भरल्याशिवाय एकाही ड्रायव्हरला ह्यांनी घरी जाऊ दिलं नाही. निवृत्त झाले आणि तो रकाना माझ्या मानगुटीवर बसला. भाजी आणायला पाच मिनिटं जास्त लागली की द्या कारण.

लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, आणि तेही जगाच्या दुसऱ्या टोकाला. मी सोमवारी निघायचं ठरलं. तिकीटवाल्याने दोन दिवस जागा धरून ठेवली, वेळा लिहून दिल्या आणि तिथेच घोडं अडलं. जाताना विमान सकाळी दहाला सुटून त्याच दिवशी दुपारी अडीचला पोचणार. येताना दुपारी बाराला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला. म्हणजे जायला साडेचार तास आणि यायला बावीस? रस्ता तोच ना, हे म्हणाले. वेळा जुळल्याशिवाय मी गाडी सोडत नाही. माझा पासपोर्ट गेला कपाटात आणि किल्ली ह्यांच्या खिशात.

तिकीटवाला भला माणूस. त्याने पेपरवेट फिरवून फिरवून दाखवलं की तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतात. खरा प्रवास जाताना चौदा तास, येताना साडेबारा. ह्यांनी लगेच वहीत अकरा हजार तीनशे किलोमीटरला दोन्हींनी भागलं आणि विचारलं, मग मधला दीड तास गेला कुठे? तो म्हणाला, जाताना वारा समोरून असतो, येताना पाठीमागून. तर हे म्हणतात कसे, वारा आमच्या गाड्यांनाही लागायचा, आम्ही कधी वेळापत्रकात धरला नाही. मला तर तिथे कुठे तोंड लपवू असं झालं.

ह्या काथ्याकुटात दोन दिवस गेले आणि जागाही गेली. आता थेट शनिवारची. घरी आल्यावर माझा पारा चढला. इतकी वर्षं वेळा नोंदण्यात घालवलेल्या माणसाला एवढं साधं गणित कळू नये?

"कळलं होतं गं. पहिल्याच दिवशी," हे खाली बघत म्हणाले.

"मग?"

"नव्वद दिवस राहणार होतीस तू."

कपाळावर हात मारायचा की ह्यांच्या पाठीत धपाटा घालायचा, ते मला सुचेना. अहो, मला करमणार नाही, एवढं म्हणायला काय पैसे पडत होते? दोघं गेलो असतो! पण नाही. वाऱ्याशी भांडतील, मनातलं बोलणार नाहीत.

मंगळवारी दुपारी मी चहा ठेवत होते तेव्हा जावयाचा फोन आला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात पोचले होते. त्याने फोन लेकीच्या कानाला लावला.

"आई, तू काल येणार होतीस ना गं? का नाही आलीस?"

हे दारातच उभे होते. मी फोन ह्यांच्या हातात दिला.

"भरा रकाना," मी म्हणाले.

ह्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"माझ्यामुळे, बाळ," हे म्हणाले. "कारण मी आहे."

तिकडून फक्त तिचं कण्हणं ऐकू येत होतं.