आजी, डावी बंद करू?

जोगेश्वरीच्या चाळीत राहायची एक आजी, म्हणजे मीच, आणि तिची नात सुमन. सुमनला विमान उडवायचं होतं. तेव्हाचे किस्से बटणांच्या डब्यासारखे साठलेत. एक काढायला जावं तर चार हाताला लागतात!

एका इंजिनाच्या विमानाचं लायसन तिने जुहूला मिळवलं. पण मोठ्या विमानावर नोकरी हवी तर दोन इंजिनांची परीक्षा पास व्हायला हवी. शेजारच्या सावंतवहिनी म्हणाल्या, "बरंय की! एक बंद पडलं तर दुसरं आहेच."

सुमन म्हणाली, "वहिनी, तीच तर परीक्षा आहे!"

म्हणजे विमान वर गेल्यावर परीक्षा घेणारे मिशाळ साहेब मुद्दाम एक इंजिन मंद करतात. डावं गेलं की विमान डावीकडे वळतं, उजवा पाय दाबून सरळ धरायचं. जो पाय रिकामा, त्याच बाजूचं इंजिन गेलेलं. ते ओळखून बंद करायचं.

पहिल्या खेपेला घाईत पोरीचा हात चांगल्या इंजिनावर गेला. साहेबांनी तो वरच्यावर धरला. नापास! दोन दिवस धड जेवली नाही.

मग मीच मास्तरीण झाले. ती खाटेवर, पायाखाली दोन उशा. मी ओरडायची, "डावी गेली गो!" ती उजवी उशी दाबायची आणि स्वतःच्याच रिकाम्या डाव्या मांडीवर फाडकन चापट!

सावंतवहिनी धावत आल्या. "अहो आजी, एवढ्या मोठ्या पोरीला मारता कशाला?"

घाईवर औषध आमच्या नव्या गॅसचं. दोन शेगड्या. बटणावर हात ठेवायचा, मोठ्याने विचारायचं, दुसरीने "कर गो" म्हटलं की मगच फिरवायचं. एकदा मी मोरीत, अंगावर पाणी घेतेय, आणि बाहेरून हाका, "आजी, डावी बंद करू? आजी!" दूध उतू गेलं, पण हात हलला नाही!

एकदा स्थळ आलं. मुलगा सुमनच्या समोरच बसलेला. आत वाऱ्याने शेगडी विझली, मी सवयीने ओरडले, "डावी गेली गो!" टेबलाखाली पाय चेपला जाऊन मुलगा कळवळला. सुमनची मांडीवर चापट!

स्थळ गेलं. पाय मात्र बरोबर पडला.

दुसऱ्या परीक्षेला तेच मिशाळ साहेब. नोकरीचं पत्र आलं तेव्हा पेढे वाटता वाटता सुमनने वर काय झालं ते सांगितलं. खाली समुद्र, साहेबांनी इंजिन मंद केलं. हिने पाय दाबला, चापट मारली, इंजिन बंद करायच्या दांड्यावर हात ठेवला आणि तोंडातून निघून गेलं, "आजी, डावी बंद करू?"

आणि थांबली.

साहेबांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा इंजिनाकडे.

म्हणाले, "कर गो."