माहीत असलेली तार

टाकीत औषधाचा एक थेंब उरला तरी पिकांवर विमानातून फवारणी करणारे हे वैमानिक परत यायचे नाहीत, म्हणून धावपट्टीवर सगळे त्यांना थेंबराव म्हणत. हे नाव त्यांच्या मेहुण्यानं ठेवलं होतं. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. विमान दुरुस्त करायचं, टाकी भरायची आणि भावोजींना चिडवायचं, ही तिन्ही कामं तो मन लावून करी.

"घरी ताटात भाजी टाकता आणि इथे थेंबासाठी जीव टाकता, भावोजी."

"तुझ्या बहिणीची भाजी या औषधापेक्षा कडू असते."

"सांगू तिला?"

"सांग. मग तुझंही जेवण बंद होईल."

एकोणीस वर्षांत त्यांच्या विमानाला तारेचा ओरखडाही उठला नव्हता. त्यात नशिबाचा भाग थोडा होता आणि शिस्तीचा फार. कुठल्याही शेतावर खाली जाण्याआधी ते उंचावरून एक सावकाश फेरी मारत. विजेची तार वरून दिसत नाही, पिकाच्या रंगात विरून जाते. म्हणून थेंबराव खांब शोधत. दोन खांब दिसले की मधे तार आहेच असं धरत आणि मांडीला बांधलेल्या पुठ्ठ्यावर लाल पेन्सिलीनं तिची रेघ ओढत. नव्या वैमानिकांना ते सांगत, "डोळ्यांचं ऐकू नका. खांबांना विचारा."

त्या सकाळचं शेत गव्हाचं होतं. उत्तरेच्या कोपऱ्यातून एक तार तिरकी पंपघराकडे गेली होती. थेंबरावांनी फेरी मारली, रेघ ओढली आणि काम सुरू केलं. ओंब्यांच्या वर जेमतेम दोन पुरुष उंचीवरून यायचं, कोपरा जवळ आला की फवारा बंद करून नाक वर उचलायचं, तार ओलांडायची, वळायचं. असं सव्वीस वेळा झालं. एकदाही चूक नाही.

शेत संपलं, पण टाकीत थोडं औषध शिल्लक होतं. पंपघराजवळ एक चिंचोळी पट्टी सुटलेली त्यांना दिसली, दाढी करताना कानाखाली राहावी तशी. तेवढी आटोपून जावं म्हणून ते उलट्या बाजूनं खाली आले. डोक्यात फक्त ती पट्टी आणि ती टाकी.

समोरच्या काचेवर एक काळी रेघ आली. ती काय आहे हे कळण्याआधीच दार आपटल्यासारखा आवाज झाला, विमान एका अंगावर गेलं आणि पुढच्या क्षणी मोकळं झालं.

थेंबरावांनी विमान सावरून वर घेतलं. वायरलेसवर मेहुण्याशी बोलताना त्यांचा आवाज अगदी शांत होता. "तार तुटून शेतात पडलीय. मालकाला सांग, बांधावरही पाय ठेवू नको. मग वीज कार्यालयाला फोन कर."

ते उतरले तेव्हा मेहुणा धावत आला आणि विमानापासून चार पावलांवर थबकला. काचेपुढे तार कापण्यासाठी एक उभं पातं असतं. त्यावर नवी, चकचकीत खाच पडली होती. पात्यानं तार कापली होती, पण काच थेंबरावांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर तडकली होती.

"वीजवाल्यांनी लाईन बंद केलीय," मेहुणा म्हणाला. "शेतात कुणी नव्हतं. तुम्ही... बसा आधी."

थेंबराव औषधाच्या रिकाम्या पिंपावर बसले. हातमोजे काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

"नवीन तार टाकली होती का हो तिथे? कळवलं नसेल मेल्यांनी."

थेंबरावांनी पुठ्ठा त्याच्यापुढे धरला. लाल रेघ तिथेच होती, त्यांच्याच हातची, ठसठशीत.

मेहुणा पुठ्ठ्यावर वाकला. "म्हणजे तुम्हाला माहीत होती."

"पंपघरापासून दुसरा खांब जरा कललाय. तिथून तार उत्तरेच्या कोपऱ्याकडे जाते. मधे थोडी लोंबते. डोळे मिटून काढून दाखवीन."

"मग?"

"अरे, तेच तर. माहीत नसती तर मी स्वतःला माफ केलं असतं. आणखी नीट बघीन म्हणालो असतो. आता काय म्हणू?"

मेहुण्यानं पात्याच्या खाचेवरून बोट फिरवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"काच बदलली की उद्या दुपारी उडेल," तो उगाच म्हणाला.

"विमान उडेल."

थेंबरावांनी दुसऱ्या वैमानिकाला फोन लावला. उद्याची दोन्ही शेतं त्याच्याकडे दिली, दोन्हीकडचे खांब एकेक करून सांगितले.

"बरं नाही का?" पलीकडून विचारलं.

"बरा आहे. एक तार विसरलो."

"नवी होती?"

"नाही," थेंबराव म्हणाले, आणि मग, पलीकडे जेमतेम ऐकू जावं इतक्या हळू, "परवाचंही शेत तूच घे."